लागलं तर मग काय?

खामगावात वाढलेल्या माणसाला 'टँकर' म्हटलं की एकच गोष्ट आठवते. एप्रिल-मे महिना, दुपारी दोनचं ऊन, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न, आणि मग "टँकर आलाऽऽऽ" अशी आरोळी. बादल्या, हंडे, निळे प्लॅस्टिकचे ड्रम, आणि कोणाचा पाइप आधी यावरून भांडणं. त्यामुळे माझा मावसभाऊ मरीन इंजिनिअर होऊन पहिल्यांदा टँकरवर लागला, तेव्हा आजीने शेजारच्या काकूंना मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आमचा नातू टँकरवर लागला." काकूंनी शांतपणे विचारलं, "नगरपालिकेच्या का प्रायव्हेट?" :)

हा किस्सा आमच्याकडे अजून प्रत्येक लग्नात निघतो. पण खरं सांगायचं तर दादा नक्की काय करतो हे मलाही काकूंपेक्षा फार जास्त माहीत नव्हतं. तो प्रॉडक्ट टँकरवर थर्ड इंजिनिअर आहे, म्हणजे पेट्रोल, डिझेल, नाफ्था असला शुद्ध केलेला माल नेणाऱ्या जहाजावर. चार-पाच महिने बोटीवर, मग दोन-अडीच महिने घरी. येताना चॉकलेटं आणतो, आल्यावर पहिले चार दिवस नुसता झोपतो. बस. बुलढाणा जिल्ह्यातून समुद्र पाहायला पाचशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं. आपल्या गाडीत पडणाऱ्या तेलाचा मोठा भाग कोणीतरी समुद्रावरून आणून दिलेला असतो (भारत ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो), हे पंपावर उभं असताना कोणाच्या डोक्यात येतं?

डोक्यात आलं ते डिसेंबर २०२३मध्ये. तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले होते, पण ते 'तिकडे' चाललं होतं. मग २३ डिसेंबरला 'केम प्लुटो' नावाच्या टँकरवर आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून साधारण २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळला. सौदीहून मंगळूरकडे कच्चं तेल घेऊन निघालेलं जहाज. वर २१ भारतीय आणि एक व्हिएतनामी. आग लागली, ती खलाशांनीच विझवली, कोणी दगावलं नाही. तटरक्षक दलाच्या 'विक्रम'ला सोबत घेऊन ते २५ डिसेंबरला मुंबईत आलं.

त्याच रात्री मावशीचा फोन आला. दादा तेव्हा बोटीवरच होता.

"अरे, ते जहाज मुंबईलेच आलं म्हनते ना?"

मी पुण्यातला सॉफ्टवेअरवाला. घाबरलेल्या माणसाला आकडे द्यायचे ही आमची सवय. मी तिला समजावलं की त्या भागातून महिन्याला शेकड्यांनी जहाजं जातात, त्यातल्या किती जणांना काही झालं? म्हणजे प्रॉबॅबिलिटी एक-दोन टक्के. तुझ्या स्कूटरवर मुंबई-नागपूर हायवे ओलांडण्यात जास्त धोका आहे. शिवाय तिच्या फोनवर जहाजं दाखवणारं एक ॲप टाकून दिलं होतं, त्यात दादाच्या बोटीचा छोटा त्रिकोण कसा पाहायचा हे शिकवलं होतं. मावशी सगळं ऐकून म्हणाली,

"हो रे बापा, समजलं मले. पन लागलं तं मंग काय?"

"अगं मावशी, लागणारच नाही!"

आणि मी विषय बदलला.

महिनाभराने, २६ जानेवारी शुक्रवारी आला. लाँग वीकेंड. आम्ही ऑफिसातले सहा जण हरिहरेश्वरला गेलो होतो. शनिवारी सकाळी किनाऱ्यावर चहा पीत बसलो होतो आणि मोबाइलवर बातमी: एडनच्या आखातात एका टँकरवर क्षेपणास्त्र, जहाज पेटलेलं, वर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. माल, नाफ्था.

दादा त्याच आठवड्यात सुवेझहून त्याच वाटेने येत होता. माल, नाफ्था.

ॲप उघडलं. दादाचा त्रिकोण दोन दिवसांपूर्वी जिथे होता तिथेच गोठून बसलेला. मी रिफ्रेश करतोय, करतोय, करतोय... आणि मावशीचा फोन. ती रडत वगैरे नव्हती. फक्त म्हणाली, "मी बी पाहून राह्यली. त्याचं ते तिकोन हालत नाई ना रे? मले फक्त बोटीचं नाव वाचून सांग." बातमीत नाव होतं, 'मार्लिन लुआंडा'. दादाची ती नव्हती. मी ओरडूनच सांगितलं, "आपली नाही! मावशी, आपली नाही!"

फोन ठेवला आणि मित्राला टाळी दिली. खरंच दिली. टाळी देताना कुठेतरी टोचलं, की ते २२ जण आत्ता या क्षणी आग विझवत असतील आणि त्यांच्या २२ मावश्यांना मी सांगितलेली प्रॉबॅबिलिटी काय कामाची? एक-दोन टक्के म्हणजे ज्याला लागलं त्याला शंभर टक्के. दुपारी दादाचा मेसेज आला: 'ठीक आहे. पुढे निघून आलोय. आईला सांग.' संध्याकाळी सगळे पाण्यात उतरले. मला त्या दिवशी समुद्रात पाय घालावासा वाटला नाही.

दादा सुट्टीवर आला तेव्हा मे महिना होता. मीही चार दिवस खामगावला गेलो. पारा ४३-४४च्या घरात, रात्री गच्चीवर गाद्या. तिथे मी त्याला मावशीचा प्रश्न विचारला. लागलं तर मग काय होतं?

"आधी ते त्रिकोणाचं सांगतो," तो म्हणाला. "तो आम्हीच बंद केला होता. त्या पट्ट्यात बरीच जहाजं एआयएस बंद करतात. दिवा मालवून बोळातून जायचं. तू आईला ते ॲप द्यायला नको होतं."

मग त्याने जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. तीही नुसती नाही, हवेशी योग्य प्रमाणात मिसळली तरच. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो साधारण ११ टक्क्यांच्या खाली गेला की ही वाफ पेटूच शकत नाही. म्हणून टँकरच्या टाक्यांमध्ये मोकळ्या जागेत हवा ठेवतच नाहीत. बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून किंवा वेगळ्या जनरेटरने तयार केलेला निष्क्रिय वायू तिथे भरतात. नियम म्हणतो, टाकीत ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या वर नको. डिसेंबर १९६९मध्ये टाक्या धुताना तीन महाकाय टँकरवर एकाच महिन्यात स्फोट झाले, तेव्हापासून जगाला हे पटत गेलं आणि पुढे ते सक्तीचं झालं. गंमत म्हणजे काठोकाठ भरलेल्या टँकरपेक्षा नुकताच रिकामा केलेला, हवा शिरलेला टँकर जास्त घातक. मी आयुष्यभर उलटं समजत होतो.

"म्हणजे क्षेपणास्त्र लागलं की आख्खं जहाज एकदम उडतं, असं सिनेमात दाखवतात ते..."

"भोक पडतं. त्या टाकीत हवा शिरते. ती टाकी पेटते. मग खेळ सुरू होतो की शेजारची पेटायच्या आत तू काय करतोस."

आणि मग तो मला झोप येईपर्यंत मस्टर लिस्ट सांगत बसला. घंटा वाजली की कोणी कुठे जायचं. कोणी फायर सूट घालायचा, पाठीवर हवेची नळकांडी कोणाच्या, ती साधारण अर्धा तास पुरतात तेव्हा बाहेर थांबून वेळ मोजणारा कोण. इंजिन रूम गेली तर आपत्कालीन पंप दुसऱ्या जागी असतो, तो सुरू कोण करणार. लाइफबोट कोणती. ड्रिलचा नियम महिन्यातून एकदाचा आहे, त्यांच्या बोटीवर दर आठवड्याला होते. "इतका कंटाळा येतो ना," तो म्हणाला, "रविवारची बिर्याणी व्हायच्या आधी नेमकी घंटा. सगळे शिव्या देत जातात. पण जातात."

मला आमच्या ऑफिसची फायर ड्रिल आठवली. सगळे कॉफीचा मग घेऊन खाली येतात, हजेरीच्या कागदावर मित्राचीही सही ठोकतात. वर्षातून दोनदा आमची डिझास्टर रिकव्हरी ड्रिलही होते, सर्व्हर पडला असं समजून बॅकअपवर जायचं. दोनदा मी ती 'यशस्वी' असं मेलमध्ये लिहून मोकळा झालोय, नीट न करता. आज कबूल करतो.

जुलै २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, 'मार्लिन लुआंडा'चे कप्तान अविलाष रावत आणि त्यांच्या खलाशांना समुद्रावरील असामान्य शौर्याचा पुरस्कार जाहीर केला. तेव्हा त्या रात्रीचा सगळा तपशील वाचायला मिळाला, आणि दादाची मस्टर लिस्ट मला त्यात ओळीने दिसायला लागली.

जहाजात ८४,१४७ टन नाफ्था होता. मी खामगावी हिशोब केला: टनाला साधारण १,४०० लिटर धरले तर जवळपास बारा कोटी लिटर, म्हणजे आपल्या गल्लीत येणारे १२ हजार लिटरचे सुमारे दहा हजार टँकर. २६ जानेवारीच्या संध्याकाळी क्षेपणास्त्र लागलं. एक टाकी पेटली, ज्वाळा पाच मीटरच्या वर. उजव्या बाजूची लाइफबोट नष्ट झाली. कप्तानांनी लोक मोजले आणि ज्यांचं आगीपाशी काम नव्हतं त्यांना डाव्या बाजूच्या लाइफबोटीपाशी तयार ठेवलं. बाकीचे आगीवर. आधी फेस मारला. फेसाचं काम तेलावर गोधडी घालायचं, की वाफ आणि हवा भेटूच नयेत. आग शेजारच्या टाक्यांकडे सरकत राहिली. फेस संपला. मग समुद्राचं पाणी.

साडेचार तास हे लोक एकटे होते. पुन्हा हल्ला होईल का ते माहीत नाही, पायाखाली नाफ्था, आणि हातात पाइप. त्यानंतर पहिलं मदतीला आलं ते 'अकिलीस' नावाचं दुसरं व्यापारी टँकर, म्हणजे तशीच, स्वतःही पेटू शकणारी बोट. मग फ्रेंच 'अल्सास', अमेरिकन 'कार्नी', आणि आपली 'आयएनएस विशाखापट्टणम'. आग विझायची आणि पुन्हा पेटायची. जहाज सोडून द्या असाही सल्ला आला. शेवटी विशाखापट्टणमवरचे नौसैनिक वर चढले आणि खलाशांबरोबर त्यांनी जहाजाला पडलेलं भोक बंद केलं. हवा थांबली, आग थांबली. हल्ल्यानंतर २४ तासांनी. दादाने गच्चीवर सांगितलेलं २१ आणि ११चं गणित, बस तेवढंच. आणि ते जहाज कुशीत मोठं भगदाड घेऊन नौदलाच्या सोबतीने सुरक्षित ठिकाणी गेलं. वरचे २३च्या २३ जिवंत.

वाचायचा नाद लागला की मी मागे मागे जातो. ११ नोव्हेंबर १९४२ची एक गोष्ट सापडली. 'ओंडिना' नावाचा डच टँकर ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून इराणकडे निघाला होता, टाक्या रिकाम्या. सोबतीला रॉयल इंडियन नेव्हीची छोटीशी सुरुंगशोधक बोट 'बेंगॉल', ऑस्ट्रेलियात नुकतीच बांधलेली, हिंदी नौसैनिकांना घेऊन मायदेशी येणारी. हिंदी महासागरात दोन मोठ्या जपानी जहाजांनी त्यांना गाठलं. 'बेंगॉल' आकाराने त्यांच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, तरी टँकरला पळता यावं म्हणून तिने तोंड सरळ शत्रूकडे वळवलं. 'ओंडिना'कडे एकच चार इंची तोफ आणि ३२ गोळे. त्या मारामारीत 'होकोकु मारू' हे जपानी जहाज स्फोट होऊन बुडालं.

मग 'ओंडिना'चे गोळे संपले. कप्तान हॉर्समन यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि थोड्याच वेळात ते स्वतः मारले गेले. उरलेल्या 'आयकोकु मारू'ने टँकरवर टॉर्पेडो सोडले, लाइफबोटींवर मशिनगन चालवली, आणि हे बुडणारच असं समजून निघून गेलं. टँकर एका अंगाला कलला होता, पण बुडाला नाही. टँकर म्हणजे आत अनेक बंद टाक्या. एक-दोन फुटल्या तरी बाकीच्या रिकाम्या टाक्या जहाज तरंगत ठेवतात. आणि मग त्या लाइफबोटीतल्या लोकांनी जे केलं ते मी तीनदा वाचलं. ते परत वर चढले. आगी विझवल्या, कललेलं जहाज सरळ केलं, इंजिन सुरू केलं आणि आठवड्याभरात फ्रीमँटलला परत आले. 'बेंगॉल'ही सुखरूप पोचली.

सगळे असे परत येत नाहीत, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांची जवळपास सहा हजार नावं एका स्मारक-ग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावला. मुंबई बंदरातून चढणाऱ्या खलाशांत रत्नागिरीकडची आणि गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती. १९८०च्या दशकात इराण-इराक युद्धात ५४६ व्यापारी जहाजांचं नुकसान झालं आणि सुमारे ४३० खलाशी गेले असा लॉइड्सचा अंदाज. यातलं कोणीच सैनिक नव्हतं. त्यांच्यावर रोखलेली तोफ कोणाची आणि भांडण कशाचं, हे बऱ्याच जणांना धड माहीतही नसेल.

असो. गच्चीवरची एक गोष्ट राहिली.

धोकादायक म्हणून ठरवलेल्या पट्ट्यात जहाज शिरायच्या आधी, करार तसा असेल तर खलाशाला 'मी येत नाही' म्हणायचा हक्क असतो. जो जातो त्याला त्या दिवसांचा जादा पगार. दादाला जानेवारीत असा कागद मिळाला होता. त्याने 'जातो' वर सही केली आणि घरी सांगितलं नाही.

"का केलीस?" मी विचारलं.

तो बराच वेळ गप्प होता. "पैसे होते, ते एक," म्हणाला. "नाही म्हणणाऱ्याचं नाव लक्षात राहतं, असं सगळ्यांना वाटतं. खरं की खोटं माहीत नाही, उघड कोणी बोलत नाही. आणि माझ्या हाताखालचा फिटर मोठ्या कर्जात आहे, तो जाणारच होता. पंपाची खोड मला माहीत, त्याला माहीत नाही. मग मी उतरून काय करू?"

मी त्यावर काही बोललो नाही. माझ्याकडे याचा आकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. आपला, पाण्याचा. गल्लीत तीच आरोळी, तीच पळापळ. पाइप दादाने धरला. प्रेशरने तो हातातून सुटायला बघत होता, मी मागून धरला. ड्रम भरल्यावर आम्ही ओटीवर बसलो आणि मी मावशीला दादाच्या देखत सगळं सांगितलं. निष्क्रिय वायू म्हणजे काय, फेस म्हणजे काय, मस्टर लिस्ट, त्या २३ जणांची रात्र. बातमीतून तोवर जेवढं कळलं होतं तेवढं. घाबरेल म्हणून पाच महिने जे टाळलं होतं ते सगळं. ती मधे एकदाच बोलली.

"किती येळ मारलं पानी त्याईनं?"

"पूर्ण विझायला एक दिवस लागला."

ती दादाकडे वळली. "अन् तुले येते का हे सारं?"

"येतं."

"दर हप्त्याले करतं का?"

"करतो आई. शिव्या देत करतो."

"दे शिव्या," मावशी म्हणाली, "पन करत जा."

ऑगस्टमध्ये तो पुन्हा जहाजावर गेला. यावेळी सहीचा कागद आला तर आधी घरी सांगायचं असं ठरलंय. ते ॲप मावशीने फोनमधून काढून टाकलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मात्र तिने बोटीचं नाव लिहून ठेवलं, स्पेलिंग मला विचारून. आणि ऑफिसची पुढची डीआर ड्रिल मी रात्री अडीच वाजेपर्यंत बसून नीट केली. बॅकअपमधल्या दोन फाइल्स उघडतच नव्हत्या, गेली दोन वर्षं. टीमने मला भरपूर शिव्या दिल्या.